पाय उचलल्यावर

समर्थक: धावत्या गाडीचे इंजिन चाकांपासून सोडवायचे आणि गाडीला तिच्याच वेगावर पुढे जाऊ द्यायचे, याला कोस्टिंग म्हणतात. युक्ती मोटारीइतकीच जुनी आहे. नवे एवढेच की आता हे काम गिअरबॉक्स आपणहून करतो, आणि तेही शर्यतीच्या परंपरेतून आलेल्या गाड्यांमध्ये. पोर्श 911 ची 991 या क्रमांकाने ओळखली जाणारी पिढी 2011 मध्ये आली. तिच्या सात गिअरच्या, दुहेरी क्लचच्या पीडीके गिअरबॉक्समध्ये ही सोय होती. ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचलला की क्लच सुटतो, इंजिनाचे फेरे आयडलिंगपर्यंत उतरतात आणि गाडी मोकळी धावू लागते. ब्रेकला पाय लागला, ॲक्सिलरेटर पुन्हा दाबला किंवा स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर उतरवला की इंजिनाचे फेरे चाकांच्या गतीशी जुळवून क्लच पुन्हा धरला जातो. हे सारे सेकंदाच्या अंशात होते. स्पोर्ट मोड निवडला तर कोस्टिंग होत नाही. म्हणजे गाडीचा जोरदार स्वभाव कोणी काढून घेतलेला नाही. नेहमीच्या चालवण्यात मात्र इंधन वाचवण्याचा एक मार्ग उघडा ठेवला आहे.

साशंक: इंधन वाचते, हेच आधी सिद्ध व्हायला हवे. कार्ब्युरेटरच्या काळात न्यूट्रल मारून पेट्रोल वाचत असे, कारण गिअरमध्ये पाय उचलला तरी कार्ब्युरेटर थोडे पेट्रोल सोडतच राही. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आले आणि हिशेब उलटला. आजच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय उचलला तर इंजेक्टर पूर्ण बंद होतात. चाकेच इंजिन फिरवतात, पेट्रोलचा थेंबही लागत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला आयडलिंगचे पेट्रोल जाळावेच लागते. म्हणून तर जाणते मेकॅनिक सांगतात की उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा. एकीकडे खर्च शून्य, दुसरीकडे शून्यापेक्षा जास्त. मग जास्त खर्चाच्या पद्धतीला बचत का म्हणायचे?

समर्थक: मेकॅनिकचा सल्ला उतारासाठी बरोबर आहे, सपाट रस्त्यासाठी तो अपुरा पडतो. गिअरमध्ये पाय उचलल्यावर पेट्रोल लागत नाही, पण इंजिन फिरायचे थांबत नाही. पिस्टनचे घर्षण आणि बंद थ्रॉटलमागे हवा ओढण्याची धडपड यांना लागणारी शक्ती गाडीच्या वेगातून काढली जाते. तो वेग पेट्रोल जाळूनच मिळवलेला असतो. म्हणजे खर्च शून्य नसतो. तो आधी झालेला असतो आणि इथे फक्त वसूल होतो.

आकडे मांडले की हे स्पष्ट दिसते. चालकासह 1500 किलो वजनाची गाडी ताशी 100 किलोमीटरने जात असेल तर तिच्यात सुमारे 580 किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. 80 च्या वेगाला सुमारे 370. या दोहोंतला फरक 210 किलोज्यूलचा. आता पुढे कुठेतरी 80 ची वेगमर्यादा सुरू होते असे धरू. हवेचा आणि टायरचा विरोध मिळून या वेगांना सरासरी 400 न्यूटन धरला, तर मोकळी सोडलेली गाडी 100 वरून 80 वर यायला सव्वापाचशे मीटर घेते. इंजिनाच्या ओढीचे आणखी 300 न्यूटन त्यात मिळवले, तर तेच काम 300 मीटरांत होते. म्हणजे गिअरमध्ये पाय उचलणाऱ्या चालकाला आधीची सव्वादोनशे मीटर 100 च्या वेगाने पेट्रोल जाळत जावे लागते. शंभर किलोमीटरला आठ लिटर या दराने ते सुमारे 18 मिलिलिटर होतात. कोस्टिंग करणाऱ्या गाडीचे इंजिन त्या एकवीस सेकंदांत आयडलिंगवर, तासाला एक लिटर धरून, सहा मिलिलिटर पेते. प्रत्येक प्रसंगी बारा मिलिलिटर वाचले, आणि वेळ गेला तो जेमतेम एक सेकंद.

साशंक: मांडणी चोख आहे, पण ती एका गृहीतावर उभी आहे. मर्यादेची पाटी अर्धा किलोमीटर आधी दिसली पाहिजे, आणि मधल्या अंतरात ना पुढची गाडी आडवी यावी, ना मागची अंगावर. असा रस्ता रोज कुठे मिळतो? शहरात सिग्नल लाल होतो तो शंभर मीटरवर. तिथे वेग मारायचाच असतो, आणि तो पेट्रोल न जाळता मारणारे इंजिन ब्रेकिंगच सरस ठरते. घाटाच्या उतारावर तर प्रश्नच उरत नाही. याच गाडीचा हिशेब केला तर 100 च्या वेगाला तिला साधारण 450 न्यूटनचा विरोध होतो, म्हणजे तीन टक्क्यांच्या उतारावर ती इंजिनाशिवाय तोच वेग राखते. त्याहून तीव्र उतारावर मोकळी गाडी वेग घेत जाते, आणि मग ब्रेक तापवून तो उतरवावा लागतो. महामार्गावर 160 चा वेग असेल तर उलटी अडचण येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे कमावलेला वेग इंजिनाने नाही खाल्ला तरी हवा खातेच. राहतो तो मधला पट्टा: सपाट किंवा अगदी सौम्य उताराचा रस्ता, 70 ते 120 चा वेग, लांबवर मोकळी नजर. एवढ्या अरुंद पट्ट्यासाठी गिअरबॉक्सची नेहमीची वागणूक बदलायची?

समर्थक: पट्टा अरुंद आहे हे मान्य. पण युरोपातल्या गावाबाहेरच्या रस्त्यांवर आणि महामार्गांवर गाडीचा बराच वेळ त्याच पट्ट्यात जातो. शिवाय मोठ्या इंजिनाच्या गाडीला या पट्ट्यात लहान गाडीपेक्षा जास्त फायदा आहे. याच्या उलट समज सर्रास असतो, म्हणून हे नीट पाहायला हवे.

ताशी 100 च्या वेगाने सरळ जाताना वरच्या गाडीला चाकांवर साधारण साडेबारा किलोवॅट, म्हणजे सतरा अश्वशक्ती लागते. 991 करेराचे 3.4 लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन 350 अश्वशक्तीचे आहे. म्हणजे ते आपल्या ताकदीच्या विसाव्या हिश्शावर चाललेले असते. पेट्रोल इंजिन इतक्या कमी ओझ्यावर सर्वात अकार्यक्षम असते, कारण थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो आणि घर्षणाचा वाटा मोठा असतो. पाय उचलला की तेच मोठे इंजिन ब्रेकसारखे ओढते. जितके इंजिन मोठे, तितकी ही ओढ जास्त आणि कोस्टिंगची बचतही जास्त. एक लिटरच्या लहान गाडीला कोस्टिंगने जे मिळते त्याच्या कितीतरी पट अशा गाडीला मिळते.

साशंक: यातून निघणारा निष्कर्ष समर्थकाला अडचणीचा आहे. सतरा अश्वशक्तीच्या कामाला 350 चे इंजिन नेमायचे, आणि ते रिकामे फिरताना फार खाते म्हणून त्याला वरचेवर सोडवायचे: ही आपणच ओढवलेल्या आजारावरची मलमपट्टी झाली. बचतच करायची तर लहान इंजिन घ्यावे. पण असे इंजिन मुद्दाम निवडले जाते ते प्रवासाच्या निव्वळ गरजेसाठी नव्हे. त्या निवडीची किंमत शंभर किलोमीटरला शे-दीडशे मिलिलिटरांनी भरून निघत नाही.

आणि ही सोय चालकाच्या भल्यासाठी आली की कागदावरच्या आकड्यासाठी, हेही विचारले पाहिजे. युरोपात 2015 साली नव्या गाड्यांच्या ताफ्याला सरासरी 130 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड प्रति किलोमीटर ही मर्यादा लागू झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये युरोपीय आयोगाने पोर्शच्या कोस्टिंगला पर्यावरणपूरक नवतंत्र म्हणून मान्यता दिली. ठरलेल्या चाचणीत जी बचत दिसत नाही तिचे श्रेय कंपनीला मिळावे, यासाठीच ही मान्यता असते. ताफ्याच्या सरासरीतला ग्रॅम कमी करणे हा ज्याचा हेतू, त्याची सवय चालकाच्या पायाला लावली जात आहे.

समर्थक: नियमामुळे सोय आली म्हणून ती खोटी ठरत नाही. सीटबेल्टही नियमांमुळेच सर्वत्र पोचले. त्या मान्यतेची अट तर पाहण्यासारखी आहे. त्या वेळी नवतंत्राने किलोमीटरला किमान एक ग्रॅमची बचत दाखवावी लागे, आणि ती चालकाच्या मर्जीवर फारशी अवलंबून असता कामा नये. शंभर किलोमीटरमध्ये वर मांडल्यासारखे दहाच प्रसंग आले असे धरले, तर 120 मिलिलिटर पेट्रोल वाचते. लिटरमागे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड धरला की किलोमीटरला जवळपास पावणेतीन ग्रॅम होतात. एका गाडीला हे थोडे असेल, पण त्यासाठी वेगळा भाग लागत नाही. क्लच आधीपासून तिथेच आहेत. बदलतो तो त्यांना हलवणारा आज्ञावलीचा काही भाग. वजन न वाढवता आणि ताकद न घटवता मिळणारी बचत मोटारीत दुर्मिळ असते.

मोठे इंजिन घेऊच नये, हा मुद्दा वेगळा आहे आणि त्याला वजनही आहे. पण ते घेतल्यानंतर ते कसे वापरावे हा प्रश्न त्याने मिटत नाही. गाडी अस्तित्वात आहे आणि रस्त्यावर आहे. तिच्या आयुष्यातला फार मोठा काळ दुसऱ्या गाड्यांच्या मागे, मर्यादेच्या आत जाणार आहे. त्या काळाचा विचार करणे हीदेखील जबाबदारी आहे.

साशंक: मग बचतीचा वाद बाजूला ठेवू आणि खऱ्या आक्षेपाकडे येऊ. तो पायाचा आहे. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी ओढून धरते, हे चालकाच्या अंगात मुरलेले असते. पायातला तो अंदाज वळणावर कामी येतो. 911 सारख्या गाडीत, जिचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे आहे, तो आणखी महत्त्वाचा. वळणात पाय उचलला की वजन पुढच्या चाकांवर जाते, मागची चाके हलकी होतात, आणि इंजिनाची ओढ नेमकी त्याच मागच्या चाकांवर येते. जुन्या 911 मध्ये याने मागचा भाग बाहेर फेकला जाई. जाणते चालक हेच वापरून गाडीचे नाक वळणात आणत. आता तोच पाय सावकाश उचलला तर ओढ नाही, झटकन उचलला तर आहे. एकाच हालचालीचे दोन अर्थ झाले आणि त्यांतला कोणता लागू करायचा हे आज्ञावली ठरवते. वेगवान गाडीचा पहिला गुण म्हणजे तिचे वागणे आधी कळले पाहिजे. कोस्टिंग नेमके तिथेच संदिग्धता आणते.

समर्थक: क्लचच्या पेडलची गाडी चालवणाऱ्याला या दोन अवस्था नेहमीच हाताशी होत्या. फरक इतकाच की अर्थ आता डाव्या पायाऐवजी उजव्या पायाच्या गतीत ठेवला आहे. गतीवर भेद करण्यामागे विचारही आहे. वळणावर किंवा अडथळा दिसल्यावर पाय झटक्याने उठतो. लांबवरची रांग दिसल्यावर तो हळूच उठतो. माणसाचा हेतू पायाच्या गतीतून बऱ्यापैकी ओळखता येतो. आणि ज्याला संदिग्धता नको, त्याला स्पोर्ट मोडचे बटण एका बोटावर आहे.

वेग आणि मोकळी चाल यांचे वैर आहे, हेही इतिहासाला धरून नाही. स्वीडनच्या साब कंपनीच्या टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये पाय उचलताच इंजिन आपोआप सुटणारी फ्री-व्हील यंत्रणा होती. त्या इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असे. थ्रॉटल बंद ठेवून चाकांनी ते जोरात फिरवले तर वंगण न पोचून ते जळण्याचा धोका. म्हणून चाकांनी इंजिनाला फिरवायचेच नाही अशी सोय केली. त्याच साब 96 वर एरिक कार्लसन याने 1962 आणि 1963 अशी लागोपाठ दोन वर्षे माँटे कार्लो रॅली जिंकली. इंजिन ब्रेकिंग मिळणार नाही हे धरून त्याने डाव्या पायाने ब्रेक मारण्याचे तंत्र विकसित केले: उजवा पाय ॲक्सिलरेटरवर, डाव्याने गाडी सावरायची. गाडी ओढून धरत नाही म्हणजे ती ताब्यात नाही असे नव्हे.

साशंक: कार्लसनचे उदाहरण उलट बाजूने बोलते. त्याच्या साबची चाल प्रत्येक वेळी सारखीच होती. पाय उचलला की गाडी मोकळी, दर वेळी. म्हणूनच तो तिच्याभोवती तंत्र बांधू शकला. इथे तक्रार मोकळेपणाची नाही, दुटप्पीपणाची आहे. शिवाय झटका आणि सावकाशपणा यांच्यामध्ये रेषा कोणी आखली? पावसात, सौम्य वळणावर, सावध चालक पाय हळूच उचलतो; त्या क्षणी त्याला किंचित ओढ हवी असते आणि गाडी मोकळी होते.

मोकळ्या गाडीच्या धोक्याबद्दल महाराष्ट्रात वेगळे सांगावे लागत नाही. पुण्याजवळ नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या महामार्गावर जे अपघात होत आले, त्यांच्या चर्चेत डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल मारून उतरणाऱ्या ट्रकांचा उल्लेख वारंवार आला आहे. लादलेला ट्रक, लांब उतार, इंजिनाची ओढ नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि निकामी होतात. इंजिनच बंद केले असेल तर एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. बचतीच्या नावाने इंजिन सोडवायची सवय किती महाग पडते, हे तिथे जीव देऊन कळले आहे.

समर्थक: त्या उताराची आठवण ठेवलीच पाहिजे, आणि तिथला धडा इथे जसाच्या तसा लागू होत नाही हेही पाहिले पाहिजे. ट्रकचा चालक इंजिन सोडवतो आणि खालपर्यंत सोडलेलेच ठेवतो. वेग वाढलेल्या ट्रकला पुन्हा गिअरमध्ये घालणे अवघड असते. पीडीकेमध्ये इंजिन चालूच राहते, ब्रेकला मदत करणारी निर्वात यंत्रणा कार्यरत असते, स्टिअरिंग विजेवर चालते आणि ब्रेकला पाय लागताच क्लच धरला जातो. घाटात चालक हाताने गिअर निवडू शकतो, म्हणजे कोस्टिंगचा प्रश्नच मिटतो. वापरायची जागा चुकली तर दोष वापराचा.

इथे एक दुरुस्ती मात्र करायला हवी. आतापर्यंत बचत गिअरबॉक्सची म्हणून मांडली गेली. ती खरे तर नजरेची आहे. सव्वापाचशे मीटरचा हिशेब त्याच चालकाला लागू होतो जो सव्वापाचशे मीटर पुढे बघतो. फॉर्म्युला वनमध्ये 2014 पासून शर्यतीला 100 किलो इंधनाची मर्यादा आली, ती 2019 मध्ये 110 झाली. या काळात चालक सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेकच्या खुणेच्या आधीच पाय उचलून गाडी वाहू देत. ज्याला ब्रेकची जागा मीटरभराच्या अचूकतेने माहीत, त्यालाच कमीत कमी वेळ गमावून पाय आधी उचलता येतो. वेगाने चालवणे आणि कमी इंधनात चालवणे या दोहोंना एकच कसब लागते.

साशंक: फॉर्म्युला वनमधला चालक गिअरमध्येच राहतो, इंजिन सुटत नाही आणि विजेची मोटर त्या ओढीतून बॅटरी भरते. तेव्हा ते उदाहरण दूरदृष्टीचे आहे, मोकळ्या चालीचे नाही. पण दूरदृष्टीवर मतभेद उरत नाही. उरतो तो असा: ही सोय दूरदृष्टी शिकवते की तिची गरजच संपवते? पोर्शच्याच इनोड्राइव्ह या क्रूझ कंट्रोलला नकाशाच्या आधारे पुढच्या तीन किलोमीटरचे चढउतार, वळणे आणि वेगमर्यादा कळतात, आणि पाय कधी उचलायचा हे तोच ठरवतो. पाटी माणसाने बघायची नसेल, तर बचत राहते आणि कसब जाते. वेगवान गाडी ज्यासाठी घेतली जाते त्यात हे कसबच मुख्य आहे.

समर्थक: साध्या कोस्टिंगमध्ये मात्र निर्णय माणसाचाच राहतो. पाय कधी उचलायचा हे गाडी सांगत नाही. उलट, गिअरमध्ये पाय उचलला तर उशिरा उचलल्याची चूक इंजिनाची ओढ झाकून टाकते. मोकळ्या चालीत ती लगेच कळते, कारण ब्रेक दाबावा लागतो. म्हणून कोस्टिंगला शिक्षक म्हणता येते. अर्थात पायाला कोस्टिंगचे दोन अर्थ शिकावे लागतात ही तक्रार तशीच राहते. त्यावर उत्तर मिळाले आहे असे म्हणता येणार नाही.

साशंक: आणि विजेने हा वाद आणखी गुंतवला आहे. 2024 च्या 911 करेरा जीटीएसमध्ये गिअरबॉक्सच्या आतच विजेची मोटर आणि सोबत 1.9 किलोवॅट-तासांची बॅटरी आली. आता उचललेल्या पायाचे तीन अर्थ संभवतात: गाडी मोकळी सोडा, इंजिनाने ओढा, किंवा मोटरने ओढून ती ऊर्जा साठवा. वेग वाया जाणारच असेल तर तो साठवणे केव्हाही बरे. मोकळ्या चालीची बाजू इथे कमकुवत होते.

समर्थक: वेग वाया जाणार असेल तरच. साठवून परत वापरताना दोन्ही वेळा गळती होते, वेग वेग म्हणूनच ठेवला तर ती होत नाही. पूर्ण विजेवरच्या टायकनमध्ये मोटरने ओढून ऊर्जा साठवण्याची क्षमता भरपूर असतानाही पाय उचलल्यावर ती मुळात मोकळी धावते, आणि साठवण प्रामुख्याने ब्रेकच्या पेडलला जोडलेली आहे. म्हणजे ॲक्सिलरेटर सोडण्याचा एकच अर्थ उरतो, वेग कमी करणे पूर्णपणे ब्रेककडे जाते. साशंकाची संदिग्धतेची तक्रार तिथे सुटते.

साशंक: सुटते, पण इंजिनाची ओढ कायमची सोडून देऊन. वळणात नुसत्या उजव्या पायाने गाडी तोलणाऱ्याला ते मान्य होणार नाही. पेडलचा एकच अर्थ हवा यावर आता दोन्ही बाजू एक आहेत. तो अर्थ मोकळेपणाचा असावा की ओढीचा, यावर नाहीत; आणि जोवर गाडीत पेट्रोलचे इंजिन आहे तोवर दोहोंपैकी कोणताही निवडला तरी दुसऱ्याचे काही गमवावे लागते.